घराण्यातला खडा



माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. सांभाळून घ्या. शाळेत आम्ही 'किडनी स्टोन' म्हणायचो. 'मुतखडा' हा शब्द कुणी उच्चारला की अख्खा वर्ग हसायचा. गेल्या वर्षी तोच शब्द आमच्या घरात रोज कानावर पडायला लागला आणि माझं हसणं बंद झालं. म्हणून हा लेख.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. पप्पा टेम्पो चालवतात. त्यांना दोनदा खडा झाला, काकांना एकदा. त्यामुळे माझ्या अकरा वर्षांच्या भावाच्या कुशीत कळ आली तेव्हा कुणाला फार नवल वाटलं नाही. आजी म्हणाली, "आपल्या घराण्यालाच हाय ते. पाणी पाज, पडून जाईल." आणि खरंच पडून गेला. तो खडा कुणी पाहिलासुद्धा नाही.

चार महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "लघवी चहाच्या गाळणीतून गाळा. खडा सापडला की टाकू नका, इकडे आणा." खडा तपासला गेला. रिपोर्टवर एकच शब्द होता : सिस्टीन. मग डॉक्टरांनी विचारलं, "आई-वडील नात्यातले का?"

हो. मम्मी ही पप्पांच्या मामाची मुलगी. सासूला ती आजही 'आत्या'च म्हणते.

खडा बनतो कसा?

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत संपृक्त द्रावण शिकलो ते आठवा. साखरेचा पाक घट्ट झाला की खडीसाखर जमते, तसंच इथे होतं. लघवीत क्षार जास्त आणि पाणी कमी झालं की स्फटिक बनतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा खडा होतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. शिवाय कॅल्शियम फॉस्फेटचे, युरिक अॅसिडचे, जंतुसंसर्गामुळे होणारे आणि क्वचित सिस्टीनचे.

म्हणजे 'खडा' हे एका रोगाचं नाव नाही. आणि 'घराण्यात खडा आहे' या वाक्याचेही दोन वेगळे अर्थ होतात. आमच्या एकाच घरात ते दोन्ही होते, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पहिला अर्थ : पप्पांचा खडा

पप्पांचा आणि काकांचा खडा कॅल्शियमचा. असा खडाही घराण्यात चालतो. जवळच्या नात्यात कुणाला खडा झालेला असेल तर आपला धोका साधारण अडीच पट होतो. अमेरिकेत जुळ्या माजी सैनिकांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांत एकाला खडा झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्के होतं. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ते १७ टक्केच भरलं. दोघेही एकाच घरात वाढलेले, मग हा फरक मुख्यतः जनुकांचा.

पण त्याच आकड्याकडे उलट बाजूनेही बघा. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तर सारखीच असतात. तरीही १०० पैकी ६८ वेळा दुसऱ्याला खडा झालाच नाही! म्हणजे जनुक फक्त ढकलतं, पाडायचं काम बाकीच्या गोष्टी करतात. इथे जनुकं अनेक असतात आणि प्रत्येकाचा धक्का छोटा असतो. २००९ साली आइसलँड आणि नेदरलँड्समधल्या लोकांवरच्या संशोधनात क्लॉडिन-१४ नावाचं असं एक जनुक सापडलं. त्याचं धोका वाढवणारं रूप दोन्हीकडून मिळालेले लोक तिथे ६२ टक्के होते. अर्ध्याहून जास्त लोकांकडे असलेल्या गोष्टीला 'दोष' तरी कसं म्हणायचं?

बाकीच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, उन्हाळा कडक. घामात पाणी जातं आणि लघवी घट्ट होते. महाराष्ट्र देशाच्या 'स्टोन बेल्ट'मध्येच मोजला जातो. धुळ्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ युरॉलॉजीत ८ डिसेंबर २००९ रोजी एकाच रुग्णाच्या डाव्या मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले होते. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पप्पा तर भर उन्हात गाडी चालवतात आणि सारखं थांबायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. घराण्याचं नाव उगाच पुढे!

दुसरा अर्थ : भावाचा खडा

१८१० साली विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला मूत्राशयातल्या एका खड्यात वेगळाच पदार्थ सापडला. तेच सिस्टीन. पुढे १९०८ साली आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी शरीराच्या रसायनातल्या 'जन्मजात चुका' ही कल्पना मांडली. त्यांच्या चार उदाहरणांत सिस्टिनुरिया होता.

मूत्रपिंड रक्त गाळतं आणि गाळलेल्यातल्या कामाच्या वस्तू परत उचलून घेतं. सिस्टीन उचलणारा 'पंप' दोन प्रथिनांचा बनतो. त्यांची जनुकं एसएलसी३ए१ आणि एसएलसी७ए९. पहिल्यातला दोष १९९४ मध्ये सापडला, दुसऱ्यातला १९९९ मध्ये. यातल्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की पंप बंद. सिस्टीन लघवीत उतरतं आणि ते पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला जेमतेम २५० मिलिग्रॅम.

आता हिशोब करा. एखाद्या मोठ्या माणसाच्या लघवीत दिवसाला ७५० मिलिग्रॅम सिस्टीन जात असेल, तर ते विरघळलेलं ठेवायला किमान ३ लिटर लघवी व्हायलाच हवी. तीही रात्रंदिवस, कारण खडा रात्री झोपत नाही. म्हणून माझा भाऊ रात्री अलार्म लावून उठतो, पाणी पितो आणि परत झोपतो. मीठ कमी केलंय. लघवी अल्कधर्मी राहावी म्हणून पोटॅशियम सिट्रेट चालू आहे. हे खडे लिथोट्रिप्सीच्या मशीनने सहजी फुटत नाहीत, म्हणून ते होऊच न देणं महत्त्वाचं. पहिल्याच वेळी खडा तपासला असता तर चार महिने वाचले असते.

एम-थ्रीच्या बाहेरचं गणित

मम्मी आणि पप्पा दोघेही वाहक. म्हणजे एक प्रत चांगली, एक बिघडलेली. बहुतेक वेळा वाहकाला काहीच त्रास होत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता १/४. म्हणून माझीही लघवी तपासली. नॉर्मल आली.

मग मी वाहक असण्याची शक्यता किती? हॉस्टेलवर विचारलं तर सगळ्या म्हणाल्या, निम्मी. चूक! चार शक्यतांपैकी 'रोग' ही एक बाद झाली. उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहक. उत्तर २/३.

हे गणित मी का केलं, तेही सांगते. आत्याने तिच्या मुलासाठी माझं नाव काढलं होतं. "शिक्षण झाल्यावर बघू" असं सगळे म्हणत होते, पण मनात धरून बसले होते. पप्पा वाहक, म्हणजे आत्या वाहक असण्याची शक्यता १/२ आणि तिचा मुलगा १/४. आमच्या मुलाला रोग होण्याची शक्यता २/३ × १/४ × १/४, म्हणजे २४ मध्ये १. नात्याबाहेर? जगात साधारण ७,००० जणांत एकाला हा रोग असतो. त्यावरून ४२ जणांत एक वाहक निघतो आणि उत्तर येतं सुमारे २५० मध्ये १.

मी हा कागद पप्पांसमोर ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू म्हणाली, "कुणाला सांगू नका, उद्या पोरीच्या सोयरिकीला आड येईल." आजी मात्र रडली. "मीच आणली ना भाची सून करून." मी तिला सांगितलं, "आजी, तुला दिसणारच नव्हतं गं. वाहकाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं." आत्याला पप्पांनी अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या मुलांचीही तपासणी व्हायला हवी, म्हणून सांगावं तर लागणारच.

लक्षात ठेवा

१. पडलेला खडा फेकू नका, तपासून घ्या. लहान मुलाचा तर नक्कीच.

२. कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही. तो आत अडकून राहिला तर दुखल्याशिवायही किडनी खराब होते. सोनोग्राफी करा.

३. मोठ्या माणसाची लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी इतकं पाणी प्या. इटलीत पहिला खडा झालेल्या १९९ जणांवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्के.

४. दूध मनाने बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. कमी करायचंच तर मेसच्या ताटातलं वरून घेतलेलं मीठ आणि पापड-लोणचं कमी करा.

५. मुलींनो, टॉयलेट लांब आहे म्हणून प्रॅक्टिकल संपेपर्यंत पाणी न पिणं आपण सगळ्याच करतो. तेवढं सोडा.

घराणं आपल्याला निवडता येत नाही. पण 'घराण्यातच आहे' हे ऐकून गप्प बसायचं, की त्याच वाक्यावरून डॉक्टरांकडे जायचं, एवढं आपल्या हातात आहे. आज सुट्टीला घरी फोन कराल तेव्हा विचारा, आपल्याकडे कुणाकुणाला खडा झाला होता? आणि तो कशाचा होता?