बोलणाऱ्या बाईचं तोंड दिसलं पाहिजे : व्हिडिओ काढताना उजेड कसा सांभाळायचा



आपल्या प्रभागसंघाकडे आता मिररलेस कॅमेरा आहे. हळद, मसाला, पापड विकायला व्हिडिओ लागतो. एका गटाचा अनुभव दुसऱ्या गावाला दाखवायचा तरी व्हिडिओच लागतो. कॅमेरा चालू कसा करायचा, कार्ड कसं टाकायचं हे बऱ्याच जणींना येतं. आजचा पाठ उजेडाचा आहे. पण आधी माझी एक चूक सांगते.

गेल्या उन्हाळ्यात एका गावात मी एका काकूंचा व्हिडिओ काढला. गहाण पडलेलं शेत त्यांनी गटाच्या आधाराने सोडवलं होतं. सात वर्षं गटात असून काकू चारचौघींत कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या, चांगली बारा मिनिटं. मी त्यांना दाराच्या चौकटीत बसवलं होतं, मागे अंगणात रखरखीत ऊन, आणि कॅमेरा ऑटोवर. ग्रामसंघाच्या बैठकीत व्हिडिओ लावला तर अंगण लख्ख, तुळस स्पष्ट, खुंट्याची बकरीसुद्धा स्पष्ट. काकू मात्र नुसती काळी सावली. बाया हसल्या. काकू म्हणाल्या, “बोलून मी राहिली, अन् दिसून बकरी राहिली!” त्याही हसल्या. पण पुन्हा बसा म्हटलं, तर म्हणाल्या, “आता नाही होत बाई.”

चूक कॅमेऱ्याची नव्हती. मी उजेड ठरवला नाही, म्हणून कॅमेऱ्याने त्याच्या मनाने ठरवला.

कॅमेरा काय विचार करतो?

ऑटोवर असताना कॅमेरा समोरचा सगळा उजेड मोजतो आणि चित्र सरासरी मध्यम करड्या रंगाइतकं उजळ ठेवायला बघतो. कोण महत्त्वाचं, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. (काही कॅमेरे चेहरा ओळखतात, पण मागे भर ऊन असलं की तेही फसतात.) मागचं ऊन जास्त, म्हणून त्याने सगळंच चित्र काळवंडवलं. काकू त्यात गेल्या.

“मी काळी आहे, माहा व्हिडिओ चांगला येत नाही,” असं कितीतरी जणी म्हणतात. हे मनातून काढा. रोलच्या कॅमेऱ्याच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी एक कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. गोऱ्या कातडीवर रंग जुळवले, की सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे हरवत. म्हणजे खोट चेहऱ्यात नव्हती, मापात होती. आपण माप आपल्या चेहऱ्यावर लावायचं.

तीन गोष्टी, एक हिशेब

त्यासाठी कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे ‘एम’वर घ्या. तीन गोष्टी आपल्या हातात येतात.

पहिली, शटर. प्रत्येक चित्रासाठी कॅमेऱ्याचं दार किती वेळ उघडं राहतं, ते शटर. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं ठेवा आणि शटर १/५०. चित्रांच्या दुप्पट आकडा ठेवला, की हातांची हालचाल डोळ्याला नेहमीसारखी दिसते. दुसरं कारण विजेचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आपल्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/६० ठेवलं तर पडद्यावर पट्टे सरकतात किंवा चित्र लुकलुकतं. १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बहुतेक वेळा थांबतं. मेनूत २५ चा पर्याय दिसत नसेल, तर ‘एनटीएससी’ बदलून ‘पाल’ करा. काही कॅमेऱ्यांत हे करताना कार्ड पुसावं लागतं. म्हणून आधीचे व्हिडिओ उतरवून घ्या.

दुसरी, ॲपर्चर. लेन्सचं भोक किती मोठं, ते ॲपर्चर. इथे उलटं आहे, हे लक्षात ठेवा : आकडा लहान तर भोक मोठं आणि उजेड जास्त. ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमाने एक घर पुढे गेलं, की उजेड निम्मा होतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बहुतेक लेन्समध्ये झूम केलं की भोक आपोआप लहान होतं आणि चित्र काळवंडतं. म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना झूम करू नका. दोन पावलं पुढे जा.

तिसरी, आयएसओ. आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो, ते आयएसओ. १०० चे २०० केले की दुप्पट. जास्त वाढवलं की चित्रात दाणे येतात. तरी दाणेदार चेहरा चालेल, न दिसणारा चेहरा चालणार नाही.

या तिघींचा हिशेब गटासारखाच आहे. एकीकडून कमी पडलं, तर दुसरीने भरून काढायचं.

उन्हात

जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा आहे : लख्ख उन्हात आयएसओ १००, ॲपर्चर १६, शटर १/१००. आता आपण शटर १/५० केलं, म्हणजे उजेड दुप्पट झाला. ॲपर्चर १६ वरून ५.६ वर आणलं, म्हणजे आठपट झाला. मिळून सोळापट, आणि चित्र पांढरं फटक. यासाठी लेन्सवर एनडी १६ नावाची काळपट काच लावतात. ती उजेड सोळाव्या हिश्श्यावर आणते. काच नसेल तर ॲपर्चर ११ आणि शटर १/२०० करा. हालचाल थोडी तुटक दिसेल, पण चेहरा नीट येईल.

त्याहून सोपं म्हणजे जागा बदला. बाईला लिंबाच्या सावलीत बसवा, मागे उन्हाचं अंगण न घेता भिंत किंवा झाड घ्या. सावलीत ॲपर्चर ८, शटर १/५०, आयएसओ १०० पासून सुरुवात करा आणि चेहरा बघून कमी-जास्त करा. आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी शूटिंग ठेवूच नका. चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि कॅमेराही तापून बंद पडतो. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर ठेवा.

उन्हात स्क्रीन अंधारी दिसते आणि आपण उगाच उजेड वाढवतो. कॅमेऱ्यावर पदर धरून आत डोकावून बघा.

घरात

घरात चुलीजवळ उजेड कमी असतो. बाईचं तोंड दाराकडे करा, पाठ नाही. तुम्ही दाराच्या एका बाजूला उभ्या राहा, नाहीतर उजेड तुम्हीच अडवाल. ॲपर्चर सगळ्यात लहान आकड्यावर, शटर १/५०, आयएसओ १६०० पासून सुरुवात करा.

दिवा नाही म्हणून अडून बसू नका. आपल्याच सेवाग्रामात कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले. ते नात्याने गांधीजींचे चुलत नातू. गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, असे बसा-तसे उभे राहा म्हणायचं नाही, आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांत कनूंचा कॅमेरा आला. त्यात आजच्यासारखी स्क्रीन नव्हती, आयएसओ वाढवायचं बटण नव्हतं. कुटीत खिडकी-दारातून येईल तेवढ्याच उजेडावर ते काम करत. बापूकुटीत पुन्हा जाल तेव्हा उजेड कुठून येतो आणि कुठे पडतो ते पाच मिनिटं बघा. या पाठाची अर्धी शिकवणी तिथेच होईल.

कापूस, काळी माती आणि हळद

पांढऱ्या कापसाच्या ढिगावर ऑटो कॅमेरा उजेड कमी करतो आणि कापूस मळका करडा दिसतो. घेणाऱ्याला वाटेल, मालच खराब आहे. काळ्या मातीवर उलटं होतं : तो उजेड वाढवतो आणि माती धुळकट दिसते. म्हणून कापसाला कॅमेरा सांगतो त्यापेक्षा उजेड एक घर जास्त द्या, काळ्या मातीला एक घर कमी.

जास्त झालं का, हे बघायला मेनूत ‘झेब्रा’ चालू करून १०० वर ठेवा. जिथे पांढरं फटक होऊन बारकावे जातात, तिथे तिरप्या रेघा दिसतात. कापसावर रेघा नुकत्याच जातील, इतका उजेड ठेवा. बाई बोलत असेल तर कपाळावर आणि गालावर रेघ नको. मागच्या आकाशावर आली तर येऊ द्या.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा रंग हीच तिची ओळख. उजेड जास्त झाला की भुकटीचा नुसता पिवळा गोळा दिसतो, कण दिसत नाहीत. झेब्राची वाट न बघता उजेड थोडा कमीच ठेवा.

रेकॉर्डिंग चालू असताना

जमेल तितकं आधीच ठरवा आणि मग हात लावू नका. शटर आणि ॲपर्चर मध्येच फिरवलं, की चित्र एकदम उडी मारतं, आणि चाकाची टकटक आवाजात येते. ढग आला आणि बदलावंच लागलं, तर फक्त आयएसओ एकेक पायरी बदला, तेही बाई श्वास घ्यायला थांबेल तेव्हा. अंगणातून स्वयंपाकघरात चालत जायचं असेल, तर शटर आणि ॲपर्चर पक्के ठेवा, आयएसओ ऑटोवर टाका आणि त्याची वरची मर्यादा ३२०० करा. किंवा अंगणाचा एक आणि घरातला एक, असे दोन तुकडे काढा. जोडणं सोपं आहे.

आणि शेवटचं. बोलणं सुरू करण्याआधी दहा सेकंदांचा नमुना काढून त्या बाईलाच दाखवा. हे मला काकूंनी शिकवलं. दिवाळीनंतर त्या पुन्हा बसल्या, पण अट घालून : “आधी मले माहा तोंड दाखव, मंग बोलतो.” दाखवलं. बघून म्हणाल्या, “हं, आता बोलतो.” पाच मिनिटं बोलल्या. पहिल्या वेळी जे बोलल्या होत्या, त्यातलं बरंच परत आलं नाही. शेत सोडवायला गेल्या त्या दिवसाचं बोलणं तर अजिबातच नाही. ते मी घालवलं, ते घालवलंच.

पुढच्या बैठकीपर्यंतचा सराव

एकाच ताईला तीन जागी बसवा : झाडाच्या सावलीत, दाराच्या चौकटीत आणि चुलीजवळ. प्रत्येक जागी तीस सेकंद रेकॉर्ड करा, एकदा ऑटोवर, एकदा मॅन्युअलवर. गटाच्या नोंदवहीसारखी कॅमेऱ्याचीही वही ठेवा. त्यात जागा, वेळ, शटर, ॲपर्चर, आयएसओ लिहा. त्यापुढे एकच प्रश्न : चेहरा दिसला का? हो किंवा नाही. वही आणि कार्ड दोन्ही बैठकीला आणा, सगळ्या मिळून बघू.