एकशृंग ऋषी : काशीपासून जपानपर्यंत आणि पुन्हा माणदेशात

आमच्या शाळेतील बहुसंख्य मुले माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांतून येतात. पावसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नाही. म्हणून वार्षिक नाट्यप्रयोगासाठी परदेशी कथा निवडताना आम्ही अशी कथा शोधली, की जिच्या केंद्रस्थानी पाऊसच आहे. ती सापडली जपानच्या रंगभूमीवर. पुढे अभ्यास करताना लक्षात आले, की ती मुळात जपानची नाहीच. ती आपल्याकडूनच तिकडे गेली होती.

जातककथांमधील नलिनिका जातक प्रथम पाहू. काशीच्या राज्यात तीन वर्षे पाऊस पडत नाही. हिमालयात वाढलेल्या इसिसिंग नावाच्या तरुण तपस्व्याच्या तपोबलाने शक्राचे आसन तापले आहे, म्हणून शक्रानेच पर्जन्य रोखला आहे. तपस्व्याचे व्रत मोडावे यासाठी राजकन्या नलिनिकेला अरण्यात धाडले जाते. महाभारतातील ऋष्यशृंगाची कथा याच कुळातील. तेथे अवर्षण अंगदेशात आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीवाने चिनी भाषेत आणलेल्या महाप्रज्ञापारमिताशास्त्रात या कथेला एक लहानसे, पण विलक्षण वळण मिळाले. तेथे ऋषी मुसळधार पावसात डोंगरवाटेवर घसरून पडतो, त्याला इजा होते आणि संतापाच्या भरात तो बारा वर्षे पाऊस पडू नये असा शाप देतो. दुष्काळाचे कारण एवढेच, एक घसरलेला पाय!

जपानमध्ये या शापाला देह मिळाला. बाराव्या शतकातील ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या हजारांहून अधिक कथांच्या संग्रहाचे पहिले पाच खंड भारतातील कथांना वाहिलेले आहेत. त्यांतील एका कथेत एक शिंग असलेला ऋषी रागावून पाऊस पाडणाऱ्या नागराजांना धरतो आणि आपल्या जलपात्रात कोंडतो. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेल्या कोम्पारु झेन्पो याने यावर ‘इक्काकु सेन्निन’, म्हणजे ‘एकशृंग ऋषी’, हे नो नाटक रचले. त्यात नाग एका गुहेत बंद आहेत. वाराणसीच्या राजाने पाठविलेली सुंदरी ऋषीला मद्य पाजते, नृत्यात गुंतवते. तो निद्राधीन होताच खडक दुभंगतो, नाग बाहेर पडतात आणि पाऊस कोसळतो. हीच कथा काबुकी रंगभूमीवर ‘नारुकामी’ या नावाने आली. तेथे राजाने वचन मोडल्यामुळे चिडलेला एक साधू धबधब्याच्या डोहात नागाला कोंडतो आणि राजकन्या डोहावरची पवित्र दोरी कापून त्याला सोडवते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या कथेत पाऊस आकाशातच अडलेला होता. जपानी कथेत तो जमिनीवर, एका भांड्यात, एका गुहेत, एका डोहात अडलेला आहे. आम्हांला हा फरक फार मोलाचा वाटला, कारण सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पाणीप्रश्न नेमका याच दोन कथांच्या मधोमध उभा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील दहिवडीला पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरही नाही. सह्याद्री ढगांना अडवतो, ही झाली आकाशातील अडवणूक. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहर बुडाले असताना त्याच जिल्ह्यातील जतला टँकर चालू होते. पाणी होते, पण ते सर्वांचे नव्हते.

याच धड्याला जोडून आम्ही वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनातील १९०१ सालचा प्रसंग वाचला. त्या वेळी त्यांचे वडील खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने सुरू केलेल्या तलावाच्या खोदकामावर खजिनदार होते. त्यांना भेटण्यासाठी लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली, मसूर स्थानकावर उतरली आणि पुढे बैलगाडीने गेली. रात्र झाली. शिदोरी जवळ होती, पण प्यायला पाणी नव्हते. जकात नाक्यावरच्या माणसाने ते दिले नाही. मुले उपाशी झोपली. दुष्काळ हटावा म्हणून तलाव खोदला जात होता आणि त्याच वाटेवर पोरांना घोटभर पाणी मिळत नव्हते.

या वाचनाने आमच्या नाटकाची संहिता बदलली. मद्य आणि मोहिनी हा भाग शाळेच्या रंगमंचावर नको, यावर शिक्षकांचे आधीच एकमत होते. आम्ही लिहिले की, घागर घेतलेली एक मुलगी डोंगर चढून येते आणि ऋषीकडे फक्त पाणी मागते. ऋषीला दया येते, तो जलपात्राचे तोंड उघडतो. मसुदा वाचून झाला, तेव्हा नववीतील एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, “सर, नाक्यावरच्या माणसाला कुठं दया आली?” आमच्यापैकी कोणालाही त्याला उत्तर देता आले नाही. शेवट पुन्हा लिहावा लागला.

नवा शेवट याच मातीतून मिळाला. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात १९८०च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतील शेतकऱ्यांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले. येरळेतील वाळूची विक्री करून त्यांनी त्यासाठी पैसा जमवला आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर हक्क असावा, असा आग्रह धरला. आमच्या नाटकात आता ऋषी झोपत नाही आणि विरघळतही नाही. गावकरी काबुकीतील ती दोरी पकडतात आणि सगळे मिळून ओढतात. ऋषी समोर बसून पाहत राहतो. त्याचे पुढे काय झाले, हे आम्ही दाखवत नाही. काही पालकांना हे अपुरे वाटेल, याची जाणीव आहे.

सादरीकरणाविषयी थोडेसे. नो रंगमंचावर मागे रंगवलेला एक पाइन वृक्ष, डावीकडे पुलासारखी वाट आणि एका बाजूस बसलेला गायकवृंद एवढेच असते. आपल्याकडे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या दरबारात विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हाही नेपथ्य बेताचेच होते. सूत्रधार गात असे आणि राक्षस आरडाओरडा करीत प्रवेश करीत. एका रंगभूमीवर पराकोटीचा संयम, दुसरीवर मोकळा दणदणाट. आम्ही ऋषीला नोची संथ चाल दिली आणि गावकऱ्यांना भाव्यांच्या मंडळींचा गलका. तालमीत पहिले दोन आठवडे ऋषीची भूमिका करणारा मुलगा हसल्यावाचून चार पावले टाकू शकत नव्हता. पाइनच्या जागी आम्ही बाभूळ रंगवली आहे.

खडक बांबूच्या कामट्या आणि गोणपाट यांचा केला आहे. नो प्रयोगात नागदेवतांच्या भूमिका प्रसंगी लहान मुले करतात, तोच प्रघात आम्ही उचलला. पाचवीतील पाच मुले नाटकभर त्या अंधाऱ्या, उकाड्याच्या खडकात गप्प बसून असतात. त्यांना एकही संवाद नाही. तरीही भूमिकावाटपाच्या दिवशी सर्वाधिक हात वर झाले ते याच भूमिकेसाठी.