तीन शेतांचे गाव

शेजाऱ्याने नांगर धरला आणि बांध कोरून एक तास आपल्याकडे ओढले, की तंटा उभा राहतो. दरसाल एकच तास. पण दहा वर्षांत बांध कुठल्या कुठे जातो. मग मोजणी, मग कोर्ट, मग वकिलाची फी. हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडातल्या एका गावाने त्यावर फार जुन्या काळी तोड काढली. ती तोड तिथे अजून चालू आहे. त्या गावाची हकिकत आज आपण वाचू या.

गावाचे नाव लॅक्स्टन. ते नॉटिंगहॅमशायर परगण्यात आहे. इंग्लंडच्या राजाने १०८६ साली मुलखाची नोंद करवली. जमीन किती, नांगर किती, माणसे किती, सगळे लिहून घेतले. त्या दप्तरात या गावाचे नाव सापडते. पुढे गावच्या धन्याने तिथे किल्ला बांधला. आता किल्ला नाही, मातीचे उंच टेकाड तेवढे राहिले आहे.

अशा गावाला तिकडे मॅनर म्हणत. मॅनर म्हणजे एका धन्याची जहागीर म्हणा ना! जमीन धन्याची, कसणारी कुळे. कुळांनी खंड द्यायचा. फार पूर्वी तर धन्याच्या शेतावर फुकट राबावेही लागे.

लॅक्स्टनला तीन मोठी शेते आहेत. मध्ये कुंपण नाही. प्रत्येक शेतात लांब, अरुंद पट्टे. एका कुळाचे पट्टे सलग नसत. एक इथे, एक तिथे. का बरे? चांगली जमीन एकालाच आणि हलकी दुसऱ्याला, असे होऊ नये म्हणून. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की प्रत्येक शेताचा तुकडा पाडतात, त्यातलाच हा प्रकार. १६३५ साली मार्क पियर्स याने गावाचा मोठा नकाशा काढला. त्यात पट्टा न् पट्टा दाखवला आहे. नांगर धरलेली आणि कापणी करणारी माणसेही चितारली आहेत.

एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पडीक. पुढच्या साली फेरपालट. सगळ्यांनी हाच क्रम पाळायचा. मनाला येईल ते पेरून चालत नाही. हल्ली तिसरे शेत पडीक न ठेवता त्यात चारा घेतात.

आता बांधाची गोष्ट. हिवाळ्याच्या तोंडाशी गावचे पंच गहू पेरलेल्या शेतात जातात. पंच म्हणजे तिथलेच शेतकरी. हद्दीवर खुंट्या ठोकतात. कोणी रस्त्यात किंवा गवताच्या सामाईक पट्टीत नांगर घातला आहे का, ते पाहतात. घातला असेल तर दंड! आठवड्याने गावच्या खानावळीत न्यायसभा भरते. तिथे नवे पंच शपथ घेतात. दंड थोडाच असतो. पण चारचौघांत नाव पुकारले जाते, ते जास्त झोंबत असेल असे आम्हाला वाटते.

अशी गावे इंग्लंडात पूर्वी खूप होती. मग जमीनदारांनी पार्लमेंटातून कायदे करून घेतले. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांहून अधिक कायदे झाले. सामाईक शेते आणि गायराने कुंपणात गेली. ज्याची गाय गायरानावर जगत होती, त्या गरिबाचे हाल झाले. कित्येक जण मजूर बनले, कित्येक शहरातल्या गिरण्यांकडे गेले.

मग लॅक्स्टन कसे वाचले? तिथे दोन बडे जमीनदार होते. कुंपण कसे घालावे, कोणी कोणता तुकडा घ्यावा, यावर त्यांचे एकमत होईना. दोघांचे जमले नाही, म्हणून गावाची शेते राहिली!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून थोडे मोठे केले. १९५२ साली धन्याने, म्हणजे अर्ल मॅनव्हर्स याने, जहागीर सरकारच्या शेतकी खात्याला विकली. १९८१ साली ती राजमुकुटाच्या इस्टेटीकडे गेली. २०२० साली थोर्सबी इस्टेटीने, म्हणजे मॅनव्हर्सच्याच जुन्या घराण्याच्या इस्टेटीने, ती पुन्हा विकत घेतली. धनी आले आणि गेले. पंच मात्र दरसाल खुंट्या घेऊन शेतात जातातच.