उशिराने हाती येणारी पदवी

आपल्या संस्थेच्या कुटुंबांतील काहींची मुले, भाचे, नातवंडे आज अमेरिकेत शिकत आहेत. त्यांची पत्रे आता येत नाहीत, फोन येतात. आणि त्या फोनवर ‘कम्युनिटी कॉलेज’, ‘ट्रान्सफर’, ‘क्रेडिट’ असे शब्द कानी पडतात. आजीआजोबांस त्यांचा नीट उलगडा होत नाही व नातवास समजावून सांगण्यास सवड नसते. यांतील एक प्रकार फार थोड्यांस ठाऊक आहे, आणि ज्यांस त्याचा लाभ व्हावयाचा त्या विद्यार्थ्यांसही तो बहुधा ठाऊक नसतो. म्हणून आम्ही तो येथे मांडीत आहो.

प्रथम अमेरिकेतील शिक्षणाची बांधणी पाहू. तेथील बी. ए. किंवा बी. एस. ही पदवी चार वर्षांची असून तीस साधारण 120 क्रेडिटे लागतात. आठवड्यास तीन तासांचा एक विषय सत्रभर शिकला की तीन क्रेडिटे जमा होतात. यांतील पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण कम्युनिटी कॉलेजात घेता येते. ते घराजवळ असते व तेथील फी विद्यापीठाहून पुष्कळच कमी असते. तेथे साधारण 60 क्रेडिटे पुरी करणाऱ्यास ‘असोसिएट’ ही दोन वर्षांची पदवी मिळते. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी विद्यापीठातील पहिली दोन वर्षे व पुढील दोन वर्षे असे दोन भाग पाडले होते. त्यांच्याच प्रेरणेने 1901 साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे ज्युनियर कॉलेज निघाले व ते आजही चालू आहे.

आमच्या वयाच्या वाचकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘इंटर’ हा शब्द ऐकला असेलच. 10+2+3 ची रचना येण्यापूर्वी मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी इंटरची परीक्षा असे व बी. ए. त्यानंतर दोन वर्षांनी. असोसिएट म्हणजे त्याच टप्प्यावरचा मुक्काम, पण तो पदवी म्हणून गणला जातो.

आता अडचण कोठे येते ती सांगतो. पुष्कळ विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजातील 60 क्रेडिटे पुरी होण्याआधीच विद्यापीठात जातात. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, तर थांबावयाचे कशाला? त्यांचे खरे लक्ष्य बी. ए.च असते. तेथवर ते पोहोचले तर प्रश्नच मिटला. पण आजारपण येते, घरची मिळकत थांबते, मूल होते, कर्ज अंगावर येते, आणि तिसऱ्या वर्षी शिक्षण सुटते. अशा वेळी या विद्यार्थ्याजवळ ऐंशी-नव्वद क्रेडिटे असतात आणि कागद मात्र एकही नसतो. नोकरीच्या अर्जात त्यास ‘शाळा उत्तीर्ण, काही काळ कॉलेज’ एवढेच लिहिता येते.

यावरचा उपाय म्हणजे ‘रिव्हर्स ट्रान्सफर’, अर्थात क्रेडिटांची उलट रवानगी. विद्यापीठात मिळवलेली क्रेडिटे जुन्या कम्युनिटी कॉलेजकडे धाडावयाची, तेथील अधिकाऱ्यांनी ती आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहावयाची, आणि अटी पुऱ्या होत असतील तर राहून गेलेली असोसिएट पदवी द्यावयाची. विद्यार्थ्यास पुन्हा जुन्या वर्गात बसावे लागत नाही. टेक्सास राज्याने 2011 साली याविषयी कायदाच केला. 2012 पासून ‘क्रेडिट व्हेन इट्स ड्यू’ या नावाच्या उपक्रमाखाली अनेक राज्यांनी हा मार्ग आखला. त्यास लुमिना फाउंडेशन व इतर काही संस्थांनी पैसा पुरविला.

येथे एक गैरसमज होतो. क्रेडिटांची बेरीज 60 झाली म्हणजे पदवी झाली असे नव्हे. समजा, एका मुलीने कम्युनिटी कॉलेजात 45 क्रेडिटे केली. त्यांतील 3 कच्चे गणित सुधारण्याच्या वर्गाची असल्याने पदवीत धरली जात नाहीत. उरली 42. विद्यापीठात तिने वर्षभरात 24 मिळविली. बेरीज 66. पण असोसिएट पदवीस इंग्रजी लेखन, गणित, प्रयोगशाळेसह एक विज्ञान विषय, समाजशास्त्रे, मानव्यविद्या अशी ठरीव घरे असतात. तिने विद्यापीठात गणित व रसायनशास्त्र घेतले असेल आणि तेवढीच घरे रिकामी असतील, तर काम झाले. सारी 24 क्रेडिटे हिशेबशास्त्राचीच घेतली असतील, तर 66 असूनही पदवी नाही. पानात भात दुप्पट वाढला म्हणून वरणाची वाटी भरत नाही, तसेच हे. आणखी एक अट अशी की पदवी देणाऱ्या कॉलेजात काही क्रेडिटे, सामान्यतः साठांपैकी पंधरा, प्रत्यक्ष मिळविलेली असावी लागतात.

दुसरी अडचण संमतीची. 1974 च्या एका संघीय कायद्याने विद्यार्थ्याच्या गुणनोंदी त्याच्या परवानगीवाचून सहसा दुसरीकडे देता येत नाहीत. म्हणून विद्यापीठ पत्र धाडते, ‘आपली संमती आहे काय?’ तरुण मंडळी विद्यापीठाची पत्रे किती वाचतात हे आम्ही शिक्षकांनी सांगावयास नको! उत्तर न आल्याने पुष्कळ पदव्या तशाच अडून राहतात. हवाई राज्यात तीन विद्यापीठे व सात कम्युनिटी कॉलेजे एकाच संस्थेखाली असल्याने, अर्जाची वाट न पाहता संगणकावरच तपासणी करण्याची सोय त्यांना करता आली. ही पद्धत आम्हास अधिक शहाणपणाची वाटते.

या पदवीची किंमत किती? बी. ए. पुरी करणाऱ्यास तिचा विशेष उपयोग नाही. शिवाय सामान्य विषयांतील असोसिएट पदवीस बाजारात परिचारिकेच्या असोसिएट पदवीइतका मान नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कम्युनिटी कॉलेजांचा उत्साह निव्वळ परोपकाराचा नाही; काही राज्यांत सरकारी अनुदान पदवीधरांच्या संख्येशी बांधलेले असते. पण मध्येच शिक्षण सुटलेल्यास ती मोलाची आहे. जेथे ‘किमान असोसिएट’ अशी अट असते, तेथे त्याचा अर्ज निदान वाचला तरी जातो.

आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशी मांडणी आहे, आणि 2021 पासून ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची तरतूदही आहे. हेतू जवळचाच, पण आपल्याकडे विचार आहे तो मध्येच बाहेर पडणाऱ्याचा. तिकडे पुढे गेलेल्याचे मागे राहिलेले देणे चुकते केले जाते.

ज्यांचे कोणी तेथे शिकत असेल त्यांनी फोनवर एवढे विचारावे: विद्यापीठाच्या निबंधकांकडून संमतीचे पत्र आले आहे काय? नसल्यास जुन्या कॉलेजच्या निबंधक कार्यालयास स्वतः विचारता येते. कोणत्या वर्षीचा अभ्यासक्रम लावणार तेही तेव्हाच विचारून घ्यावे, कारण तो बदलत असतो. जुनी फी थकलेली असल्यास काही कॉलेजे प्रमाणपत्र अडवतात. ती आधी भरावी. आणि कॉलेजच्या दप्तरी पत्ता बहुधा जुन्या भाड्याच्या खोलीचाच राहिलेला असतो, तो बदलून घ्यावा. प्रमाणपत्र टपालाने त्याच पत्त्यावर जाते.