विमानतळाजवळचं घर : उंची मोजायची कुठून?



आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर एक लहान विमानतळ आहे. सातवीतल्या एका मुलीची आई मागे एक कागद घेऊन शाळेत आली. विमानतळाच्या धावपट्टीजवळ त्यांनी प्लॉट घेतला होता आणि दुमजली घराचा आराखडा तयार होता. हातात ना हरकत प्रमाणपत्र. "मॅडम, आम्हाला 608 मीटर उंचीची परवानगी मिळाली!" ताई खुशीत होत्या.

कागद पाहिला आणि मलाच वाईट वाटलं. 608 हा आकडा खरा होता, पण तो समुद्रसपाटीपासूनचा होता. त्यांच्या प्लॉटची जमीनच मुळी 603 मीटरवर. म्हणजे घराला उरले फक्त 5 मीटर! तळमजला आणि वर पाण्याची टाकी, संपलं. कर्ज मात्र दोन मजल्यांचं मंजूर करून घेतलेलं.

हा हिशोब पाचवीतल्या वजाबाकीचा आहे. तरी मोठी माणसं इथे फसतात. म्हणून आजचा पाठ.

आकाशातला उतार

विमान उतरताना सरळ खाली पडत नाही, तिरकं येतं. त्याची वाट मोकळी राहावी म्हणून धावपट्टीच्या टोकापासून पुढे एक काल्पनिक उतरतं छप्पर मानलं जातं. खालची कुठलीही वस्तू या छपराच्या वर डोकं काढता कामा नये. उपकरणांच्या मदतीने विमानं उतरतात अशा मोठ्या धावपट्टीला हा उतार 1:50 असतो. म्हणजे 50 मीटर लांब गेलं की छप्पर 1 मीटर वर जातं. ते सुरू होतं धावपट्टीच्या टोकापासून 60 मीटरवर.

आता फळ्यावर मांडा. धावपट्टीचं टोक समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर. छप्पर जिथे सुरू होतं तिथून प्लॉट 400 मीटर दूर.

400 ÷ 50 = 8
600 + 8 = 608 मीटर

आता सारख्याच अंतरावरचे तीन प्लॉट घ्या :

- जमीन 600 मीटरवर : घर 8 मीटर
- टेकाडावर, जमीन 603 मीटरवर : घर 5 मीटर
- खोलगट भागात, जमीन 596 मीटरवर : घर 12 मीटर

अंतर एकच, नियम एकच, तरी तीन घरं वेगळी. "शेजाऱ्याला मिळालं, मग आम्हाला का नाही?" याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ पठारावर आहे. तिथे पायथ्याच्या जमिनीला आणि पठारावरच्या जमिनीला एकच माप कसं लागेल, हे मुलांना विचारून पाहा.

धावपट्टीच्या बाजूंनाही असंच छप्पर असतं, पण ते जास्त चढं, 1:7. मोठ्या धावपट्टीभोवती साधारण 4 किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपेक्षा 45 मीटर उंचीवर, एक सपाट छप्पर मानतात. म्हणून लांबच्या दुमजली घराला सहसा अडचण येत नाही. कळ लागते ती धावपट्टीच्या तोंडाशी असलेल्या घराला.

"पण आमचा विमानतळ तर लहान!"

हा दुसरा गैरसमज. 800 मीटरपेक्षा छोट्या, वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरतो अशा धावपट्टीला उतार 1:20 चालतो. तिथे 400 मीटरवर 20 मीटर उंची मिळाली असती. पण धावपट्टी वाढली, रात्री आणि धुक्यात उतरण्याची सोय आली, की उतार सपाट होतो आणि 20 चे 8 होतात. म्हणून प्लॉट घेताना आजच्या विमानतळासोबत उद्याच्या विस्ताराचीही चौकशी करा.

कागद कुठला पाहायचा?

आपल्याकडे 2015 चे उंचीविषयक नियम लागू आहेत. त्यांचा विचार विमानतळापासून 20 किलोमीटरपर्यंत होतो. नागरी विमानतळांसाठी ना हरकत प्रमाणपत्र भारतीय विमानतळ प्राधिकरण देतं. काही विमानतळांचे रंगीत नकाशे स्थानिक नियोजन कार्यालयाकडे असतात. त्यात लाल रंगाच्या भागात कुठल्याही बांधकामाला प्राधिकरणाची परवानगी लागते. नकाशातले आकडेही समुद्रसपाटीपासूनचेच, हे विसरू नका.

उंचीत टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची खोली, अँटेना सगळं धरतात. छपराच्या वर गेलेलं बांधकाम किंवा झाड उतरवण्याची कारवाईही होऊ शकते, त्यासाठी वेगळे नियम आहेत. आणि हे प्रमाणपत्र फक्त उंचीचं असतं. सातबारा, बिनशेती, बांधकाम परवानगी हे सगळं वेगळं.

बंधन फक्त उंचीचं नाही. कचरा आणि कत्तलीची घाण उघड्यावर टाकली की घारी, कावळे जमतात आणि पक्षी विमानावर आदळू शकतो. म्हणून विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत अशी घाण टाकायला मनाई आहे. गावाचा कचरा डेपो कुठे करायचा, हा म्हणूनच विमानतळाचाही प्रश्न होतो.

वर्गात करून पाहा

एक पुठ्ठा तिरका धरा, खाली काड्यापेट्यांची घरं मांडा. काही घरांखाली वही सरकवून टेकाड करा. कुठलं घर पुठ्ठ्याला लागतं ते मुलांनाच शोधू द्या. गुणोत्तर, वजाबाकी आणि भूगोल एका तासात होतात.

त्या ताईंनी शेवटी वरचा मजला रद्द केला आणि घर आडवं पसरवलं. अंगण गेलं, पण पाया खणण्याआधी कळलं हे नशीब. त्यांची मुलगी मात्र आता कुठलाही उंचीचा आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारते : "कुठून मोजलेली?" तुमच्या मुलांनाही हा प्रश्न विचारायची सवय लावा.