जमैकाचा राजमा-भात घरी: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

जमैकातल्या घरांत रविवारच्या दुपारचं जेवण जवळजवळ ठरलेलं असतं. लाल राजमा शनिवारी रात्री भिजत पडतो, नारळ फोडून त्याचं दूध काढलं जातं आणि त्या दुधात राजमा, तांदूळ, थाइम, पातीचा कांदा, लसूण, ऑलस्पाइसचे दाणे आणि एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची एकाच पातेल्यात शिजते. ‘राइस अँड पीज’ हे त्याचं तिथलं नाव. क्यूबात हाच भात काळ्या घेवड्याचा होतो, पोर्तो रिकोत तुरीच्या दाण्यांचा. जमैकाच्या पद्धतीला नारळाचं दूध हवंच.

आपल्याकडे हा भात करायचा ठरवलं की यादीतली परदेशी नावं वाचून बरेच जण थेट सुपरमार्केटच्या आयात मालाच्या कप्प्याशी जातात. तिथं उकडलेल्या राजम्याचा डबा साधारण दीडशे रुपयांना मिळतो आणि चौघांसाठी असे दोन लागतात. नारळाच्या दुधाची २०० मिलिलिटरची दोन पाकिटं दीडशेची, थाइमची ताजी जुडी पन्नासची. तांदूळ आणि कांदा-लसूण धरून साडेपाचशे झाले. ऑलस्पाइसची बाटली घेतली तर आणखी दोनशे.

आता किराणा दुकानाचा हिशेब पाहा. ४०० ग्रॅम सेला तांदूळ, ९० रुपये किलोच्या भावानं ३६ रुपये. २०० ग्रॅम लाल राजमा, १६० रुपये किलोनं ३२. मध्यम नारळ ५०. पातीचा कांदा, आलं, लसूण, मिरची मिळून २०. लवंग-दालचिनी ५. गॅस ८, कारण १४.२ किलोचं सिलिंडर नऊशेला धरलं तर किलोला ६३ रुपये पडतात आणि राजमा व भात मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. बेरीज १५१ रुपये, म्हणजे माणशी अडतीस. हे शहरातले साधारण भाव आहेत. तुमच्या गावचे भाव घालून बेरीज पुन्हा करा. रुपये बदलतील, पण दोन्ही हिशेबांतली तफावत मोठीच राहील.

यातला सर्वांत मोठा खर्च नारळाचा आहे आणि तिथं हात आखडू नये. हलवल्यावर पाणी खळखळ वाजणारा, हाताला जड लागणारा, डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नसलेला नारळ घ्या. खोबरं कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून फडक्यातून घट्ट पिळा. हा अंगरस वेगळा ठेवा. उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ दूध काढा आणि शिजलेला राजमा त्यात दहा मिनिटं उकळा, म्हणजे नारळ राजम्यात मुरतो. अंगरस तांदळाबरोबर घाला. पाकिटातल्या दुधानं भात होतो, पण ताज्या नारळाचा वास त्याला येत नाही. चोथा फेकू नका, दुसऱ्या दिवशी कोरड्या चटणीत खपतो.

राजमा घेताना रंग पाहा. जमैकाच्या भाताला येणारी तांबूस छटा चित्रा राजम्यानं येत नाही. साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा याच कुळातला आणि चवीला उत्तम आहे. तो वापरलात तर भात फिकट होईल एवढंच. खरं नुकसान जुन्या मालानं होतं. वर्ष-दीड वर्ष पोत्यात पडलेला राजमा रात्रभर भिजूनही दडस राहतो, शिट्ट्यांमागून शिट्ट्या खातो आणि स्वस्ताईतले पैसे गॅसमध्ये जातात. म्हणून नव्या दुकानातून आधी पाव किलोच घ्या, शिजवून पाहा, मग जास्त भरा.

इथं एक गोष्ट पैशापेक्षा महत्त्वाची आहे. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. अर्धकच्चे मोजके दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण मऊ शिजवा. प्रेशर कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं मंद आच, एवढ्यात हे काम चोख होतं. मंद आचेच्या विजेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथलं तापमान त्या विषाला पुरेसं पडत नाही.

थाइमसाठी पैसे घालायची गरज मला वाटत नाही. ज्याच्या पानांची आपण भजी करतो तो कुंडीतला पानओवा कॅरिबियन बेटांवरही रुंद पानांचा थाइम म्हणून स्वयंपाकात वापरला जातो. चौघांच्या भाताला दोन पानं बस्स, कारण वास उग्र असतो.

ऑलस्पाइसच्या खरेदीत मात्र फसगत होते. अनेक दुकानांत ते कबाबचिनी म्हणून मिळतं आणि त्याच नावाखाली कंकोळही विकलं जातं. कंकोळाला बारीक देठाची शेपटी असते आणि चव कडसर असते. ऑलस्पाइसचा दाणा तपकिरी, मिऱ्याहून थोडा मोठा आणि बिनशेपटीचा. चुरडला की लवंग, दालचिनी, जायफळ यांचा एकत्र वास येतो. चुरडून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सहा-आठ दाणे लागतात, तेव्हा पंचवीस ग्रॅम पुष्कळ झाले. नाहीच मिळालं तर दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा आणि चिमूटभर जायफळ घाला. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो, तेच ऑलस्पाइसमध्येही मुख्य असतं, त्यामुळे चव फार लांब जात नाही.

स्कॉच बॉनेटला तोड नाही, हे मान्य करावं लागतं. तिचा फळासारखा गंध आपल्या हिरव्या मिरचीत नाही. पण पद्धत तीच ठेवा: मिरची न चिरता अख्खी वर ठेवायची आणि भात हलवण्याआधी अलगद काढून घ्यायची. फुटली तर पातेलंभर तिखट होतं.

दोन वाट्या सेला तांदळाला राजम्याचं पाणी, पातळ दूध आणि अंगरस मिळून चार वाट्या पातळ पदार्थ मोजून घ्या. मीठ राजमा शिजल्यावरच घाला. उकळी आली की आच अगदी मंद करून घट्ट झाकण ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत भात मोकळा होतो. कोलम वापरला तर पाणी अर्धी वाटी कमी. नारळ लवकर आंबतो आणि शिजलेला भातही बाहेर फार वेळ सुरक्षित राहत नाही, म्हणून उरलेला दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

हिवाळ्यात याहून सोपा मार्ग आहे. जमैकात नाताळच्या सुमारास हाच भात राजम्याऐवजी ओल्या तुरीच्या दाण्यांचा करतात. मूळची भारतातली तूर आफ्रिकेमार्गे तिथं पोचली. आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत विदर्भ-मराठवाड्यातून बाजारात तुरीच्या शेंगा येतात. अर्धा किलो शेंगांचे दाणे चौघांना पुरतात, भिजवणं नाही आणि शिजायलाही वेळ लागत नाही. पहिल्यांदा करत असाल तर त्या दिवसांतच करा.