पुनर्वापर केंद्र काढण्यापूर्वी बाजाराची पाहणी

कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरात घरदुरुस्तीच्या वेळी दारे, खिडक्या, फळ्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या बाहेर पडतात. लगतच्या मुरबाड, शहापूर व अंबरनाथ तालुक्यांत गोठा, खुराडे किंवा रोपवाटिकेसाठी यांतील बऱ्याच वस्तू उपयोगी पडतात. अशा वस्तू गोळा करून, दुरुस्त करून माफक दरात देणारे केंद्र शेतकरी गटांना किंवा बचत गटांना चालविता येईल. मात्र माल फुकट मिळाला तरी वाहतूक, साठवण व दुरुस्ती फुकट होत नाही. उठाव झाला नाही तर गाळा भरून राहतो व गटाची बचत अडकते. म्हणून लागवडीपूर्वी माती तपासावी, तशी केंद्रापूर्वी बाजाराची पाहणी करावी.

१. गिऱ्हाईक : आसपासच्या चार-पाच गावांतील ४०-५० कुटुंबांना भेटावे. “केंद्र काढले तर घ्याल का?” असे विचारू नये; भिडेखातर सारेच हो म्हणतात. गेल्या वर्षी कोणती जुनी वस्तू घेतली, कोठून व किती रुपयांस, हे विचारून वहीत टिपावे.

२. स्पर्धा : भंगारवाला दारात येऊन रोख पैसे देतो. उल्हासनगरच्या बाजारात नवे फर्निचर स्वस्त मिळते, त्यामुळे जुन्या कपाटाचा भाव त्याहून बराच खाली ठेवावा लागतो. ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत मे २०२३ पासून अनेक शहरांत कपडे, पुस्तके, खेळणी जमा करणारी केंद्रे उघडण्यात आली. याच वस्तूंमागे लागण्यापेक्षा शेतीस उपयोगी माल निवडावा.

३. हंगाम : दिवाळीच्या साफसफाईत माल निघतो, तर पत्रे व फळ्यांची गरज पावसाळ्यापूर्वी भासते. मधले सहा महिने माल कोरड्या जागी ठेवावा लागेल. त्याचे भाडे हिशेबात धरावे.

४. वर्ज्य माल : औद्योगिक वसाहतीतील रसायनांची रिकामी पिंपे पाणी साठविण्यास स्वस्त वाटतात, पण ती घेऊ नयेत. घातक रसायनाने दूषित झालेली पिंपे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. कीटकनाशकांचे रिकामे डबेही कधीच घेऊ नयेत. धुतल्याने ते निर्धोक होत नाहीत.

५. हिशेब : समजा भाडे, मजुरी व टेम्पो मिळून महिन्याचा खर्च २४,००० रुपये आहे आणि दुरुस्तीचा खर्च वजा जाता प्रत्येक वस्तूमागे सरासरी ६० रुपये उरतात. खर्च भागण्यासाठीच ४०० वस्तू विकल्या पाहिजेत. म्हणजे २५ दिवसांत रोज १६. पाहणीत इतकी मागणी दिसते काय, हे प्रामाणिकपणे पाहावे. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या भागातील दर घालून हिशेब करावा.

पाहणीनंतरही लगेच गाळा घेऊ नये. एका सभासदाच्या पडवीत थोडा माल ठेवून दोन महिने आठवडे बाजारात विकून पाहावा. कोणती वस्तू किती दिवसांत गेली, याची नोंद ठेवावी. महिनाभर पडून राहणारा माल पुन्हा आणू नये. नोंदवहीतील विक्री खर्चाला पुरी पडत असेल, तरच भाडेकरारावर सही करावी. नसल्यास बेत सोडून द्यावा. दोन महिन्यांचे श्रम वाया गेले तरी गटाची पुंजी शाबूत राहील.